उधळपट्टी थांबवून देवाच्या देणग्यांचा विश्वासू कारभार कसा करावा : टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

देवाने दिलेले वाया घालवू नये, हे कोणत्याही ख्रिस्ती कुटुंबाला पटवून द्यावे लागत नाही. चुकते ते अमलात आणताना, आणि बहुतेक वेळा ते क्रमातच चुकते. एखादा संदेश ऐकून मन हलते, घरी आल्याआल्या काटकसर सुरू होते, चार जुन्या वस्तू वाटून टाकल्या जातात, ताटात अन्न टाकल्याबद्दल मुलांना बोलणी बसतात, आणि महिना उलटायच्या आत सगळे पूर्वीसारखे होते. वाचलेला पैसा कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही. चिडचिड मात्र वाढलेली असते. इच्छा कमी पडली म्हणून असे होत नाही. मोजदाद न करताच कात्री लावली आणि वाचलेल्याचे काय करायचे हे आधी ठरवले नाही, म्हणून असे होते.

पुढे दिलेले टप्पे त्याच क्रमाने घ्यावेत. पहिली फेरी पूर्ण व्हायला साधारण दोन महिने धरावेत. घाई केली तर तिसरा आणि चौथा टप्पा हमखास उरकला जातो, आणि खरे काम तर त्या दोन टप्प्यांतच आहे.

सुरुवात करण्याआधीची तयारी

एक साधी वही घ्यावी आणि तिची पाच पाने राखून ठेवावीत : पैसा, वस्तू, अन्न, वेळ, आणि शक्ती व कृपादाने (देवाने प्रत्येकाला दिलेल्या क्षमता). मोबाइलवर नोंदी ठेवायला हरकत नाही, परंतु घरातल्या प्रत्येकाला त्या पाहता आल्या पाहिजेत. एकट्याच्या खिशातली यादी घराचा कारभार सुधारत नाही.

दुसरी तयारी घरच्यांच्या संमतीची. पती-पत्नीपैकी एकानेच निर्णय घेऊन दुसऱ्यावर लादला, तर काटकसर ही एकाची सत्ता आणि दुसऱ्याची शिक्षा ठरते. म्हणून प्रथम सर्वांनी एकत्र बसून बोलावे, आणि लहान मुलांनाही त्यांच्या वस्तूंबद्दल विचारावे. जो एकटा राहतो त्याने मंडळीतल्या (आपल्या चर्चमधल्या) एखाद्या समंजस विश्वासू व्यक्तीला सांगून ठेवावे की महिन्याच्या शेवटी मी तुम्हाला हिशोब दाखवणार आहे.

तिसरी तयारी सर्वांत महत्त्वाची, कारण ती राहिली की पुढचे सर्व टप्पे वाकडे जातात. नासाडी नेमकी कशाला म्हणायचे, हे आधी ठरवून घ्यावे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात धाकटा मुलगा आपल्या वाट्याची मालमत्ता दूर देशी जाऊन उडवतो, आणि लगेच सोळाव्या अध्यायात एका कारभाऱ्यावर धन्याचे द्रव्य उडवल्याचा आरोप येतो. हे दोघे उधळे होते, यात वाद नाही. परंतु मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या तिसऱ्या दासाने एक पैसाही उडवला नव्हता. त्याने धन्याने सोपवलेला एक तलंत जमिनीत पुरला आणि जसाच्या तसा परत आणून दिला. तरी धन्याने त्याला दुष्ट व आळशी म्हटले. तो तलंत म्हणजे किरकोळ रक्कमही नव्हती. एक तलंत सुमारे ६,००० दिनारांचा आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी, हे लक्षात घेतले तर जवळजवळ वीस वर्षांची कमाई त्या खड्ड्यात पडून राहिली होती. याउलट बेथानीमध्ये एका स्त्रीने ३०० दिनारांहून अधिक किमतीचे शुद्ध जटामांसीचे तेल एकदम ओतून टाकले. पाहणाऱ्यांनी हा नाश कशासाठी, असे विचारले. प्रभूने मात्र तिची बाजू घेतली.

हे उतारे शेजारी शेजारी ठेवून वाचले की व्याख्या आपोआप हाती येते. देणगी ज्या माणसासाठी किंवा ज्या कामासाठी आपल्या हाती दिली गेली, तिथपर्यंत ती न पोहोचणे म्हणजे नासाडी. खर्च मोठा होता की लहान, हा प्रश्न त्यानंतरचा. वहीच्या पहिल्या पानावर हे एक वाक्य लिहून ठेवावे, कारण पुढे शंका आली की तिथेच परतून यावे लागेल.

*सावधान :* घरात नुकताच मृत्यू झाला असेल, गंभीर आजारपण चालू असेल किंवा नोकरी गेली असेल, तर ही संपूर्ण फेरी आत्ता सुरू करू नये. अशा वेळी फक्त अन्नाचा टप्पा घ्यावा आणि मंडळीकडून मदत स्वीकारावी. मदत स्वीकारणे हाही कारभाराचाच भाग आहे.

टप्पा १ : मालकी कोणाची ते स्पष्ट करा

हा टप्पा एका संध्याकाळचा आहे, तरी तो वगळू नये. स्तोत्र २४ च्या पहिल्याच वचनात पृथ्वी आणि तिच्यातले सर्व काही परमेश्वराचे आहे असे म्हटले आहे. पहिल्या इतिहासाच्या एकोणतिसाव्या अध्यायात मंदिरासाठी अर्पणे गोळा झाल्यावर दावीद कबूल करतो की आम्ही तुझ्याच हातचे तुला दिले. ही दोन्ही वचने घरात मोठ्याने वाचावीत. त्यानंतर प्रत्येकाने आपल्याकडच्या तीन गोष्टींची नावे घेऊन आभार मानावेत. नावे घ्यावीत हे मुद्दाम सांगतो आहे, कारण 'सर्व आशीर्वादांबद्दल धन्यवाद' एवढ्यावर प्रार्थना थांबली की कोणते आशीर्वाद, हे आपल्याला स्वतःलाच आठवेनासे होते.

*तपासणी :* 'मी कमावले, मी कसेही खर्च करीन' किंवा 'हे माझे नाहीच, मला काय त्याचे' यांपैकी कोणतेही वाक्य मनात येत असेल, तर पुढे जाऊ नये. कारभारी मालकही नसतो आणि परकाही नसतो.

टप्पा २ : मोजदाद करा, पण काही बदलू नका

नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात आपल्या कळपांची स्थिती नीट जाणून घे, असा सल्ला आहे. नेमके तेवढेच या टप्प्यात करायचे आहे. दोन आठवडे केवळ नोंदी ठेवाव्यात. काहीही टाकू नये, वाटू नये, बंद करू नये. पहिल्या दिवसापासून सुधारणा सुरू केली, तर आपण खरोखर कसे वागतो याचे चित्र कधीच मिळत नाही.

पैशाच्या पानावर प्रत्येक खर्च त्याच दिवशी लिहावा. अन्नाच्या पानावर जे टाकले गेले तेवढेच लिहावे, आणि पुढे कारण लिहावे : जास्त शिजले, विसरले, कोणाला आवडले नाही, मुदत संपली. वेळेच्या पानासाठी एकच आठवडा पुरे. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग पाडून रात्री भरून टाकावेत.

वस्तूंची मोजदाद करताना बहुतेकांचा धीर सुटतो, म्हणून एका वेळी एकच कपाट घ्यावे, आणि त्याचाही एकच कप्पा. समजा, खालचा कप्पा उघडला. त्यात भेट म्हणून आलेल्या आणि वेष्टणही न काढलेल्या दोन चादरी आहेत, मुलाला दोन वर्षांपूर्वी लहान झालेले पण तळवे न झिजलेले बूट आहेत, कधीच विकल्या गेलेल्या फोनचा चार्जर आहे, आणि एका डब्यात अर्धवट संपलेल्या औषधांच्या पट्ट्या आहेत. प्रत्येक वस्तूपुढे तीन नोंदी कराव्यात : शेवटची कधी वापरली, स्थिती कशी आहे, आणि आज ही वस्तू कोणाच्या कामी आली असती. तिसरी नोंद लिहायला हात अडखळतो, पण तीच पुढे उपयोगी पडते. चादरींपुढे एखाद्या नुकत्याच संसार थाटलेल्या जोडप्याचे नाव आले, की ती वस्तू 'जास्तीची' न राहता कोणाची तरी वाट पाहणारी होते.

शक्ती व कृपादाने या पानावर संकोच न करता लिहावे. हिशोब नीट जमतो, आवाज चांगला आहे, आजाऱ्यांजवळ शांतपणे बसता येते, यंत्रे दुरुस्त करता येतात, मुले आपल्याजवळ रमतात, एखादी भाषा शिकवता येते. हे लिहिणे म्हणजे बढाई नव्हे. देवाच्या नानाविध कृपेचे चांगले कारभारी व्हा असे पेत्र सांगतो, आणि आपल्या हाती काय दिले आहे हेच ठाऊक नसलेला माणूस त्याचा कारभार करू शकत नाही.

*सावधान :* मुदत संपलेली किंवा अर्धवट वापरलेली औषधे दान करू नयेत आणि सांडपाण्यातही टाकू नयेत. ती कुठे जमा करायची हे औषधविक्रेत्याला विचारावे.

टप्पा ३ : गळती कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा

आता पाचही पानांवरच्या प्रत्येक नोंदीपुढे पुढीलपैकी एक शब्द लिहावा.

१. *पोहोचले* : ज्यासाठी होते तिथे गेले.
२. *उडाले* : कोणाच्याच कामी न येता संपले.
३. *पुरले* : संपले नाही, पण वापरातही नाही.
४. *साठले* : गरजेपेक्षा जास्त जमले, आणि ते कोणासाठी जमते आहे हे ठरलेले नाही.

लोक 'उडाले' या एकाच प्रकारावर तुटून पडतात, कारण तो डोळ्यांना दिसतो. माझ्या मते चांगल्या सवयींच्या, बेताने राहणाऱ्या कुटुंबांत खरी नासाडी 'पुरले' आणि 'साठले' या दोन ठिकाणी असते. जो कधी हॉटेलात जात नाही, दिवे वेळच्या वेळी बंद करतो, पण ज्याचे शिक्षण, मोकळ्या संध्याकाळी आणि रिकामी खोली वर्षानुवर्षे कोणाच्याच उपयोगी पडलेली नाही, त्याला आपण उधळे आहोत असे स्वप्नातही वाटत नाही. तिसऱ्या दासालाही वाटले नव्हते. त्याने दिलेले कारणही ओळखीचे आहे : मी भ्यालो. 'पुरले' लिहिलेल्या प्रत्येक नोंदीपुढे कोणती भीती आहे ते लिहिण्याचा प्रयत्न करावा. लोक नावे ठेवतील ही भीती, एकदा हो म्हटले तर कायमचे गळ्यात पडेल ही भीती, उद्या आपल्यालाच लागले तर ही भीती. भीतीला नाव मिळाले की तिच्यावर उपाय शोधता येतो.

साठवण नेहमीच वाईट, असेही समजू नये. योसेफाने सुबत्तेच्या सात वर्षांत मिसर देशाच्या उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला, आणि लूकच्या बाराव्या अध्यायातल्या श्रीमंतानेही कोठारे मोठी करायचे ठरवले. बाहेरून पाहता दोघांचे काम सारखेच. परंतु योसेफाचे धान्य येणाऱ्या सात दुष्काळी वर्षांत लोकांनी जगावे म्हणून होते. श्रीमंताच्या योजनेत त्याच्या स्वतःच्या जिवाखेरीज दुसऱ्या कोणाचा उल्लेखच नाही. तेव्हा मुलांचे शिक्षण, म्हातारपण, आजारपण यांसाठी ठेवलेल्या रकमेपुढे 'साठले' लिहू नये. जिच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ती रक्कम 'साठले' या सदरात जाते.

*तपासणी :* आजाऱ्याला भेटण्यात गेलेली दुपार, पाहुण्यांसाठी केलेला चांगला स्वयंपाक, उपासनेसाठी आणलेली फुले यांपुढे 'उडाले' लिहिले गेले असेल, तर व्याख्येचे वाक्य पुन्हा वाचावे. तेलाच्या कुपीचा हिशोब मांडणाऱ्यांच्या ओठांवर गरिबांचे नाव होते; योहान मात्र नोंदवतो की यहूदा इस्कर्योताला गरिबांची काळजी नव्हती. काटकसरीच्या नावाखाली प्रेमावर कात्री चालवू नये.

टप्पा ४ : वाचणाऱ्या वाट्याचे ठिकाण आधी ठरवा

हाच तो टप्पा, जो जवळजवळ सर्वजण वगळतात. अजून काहीही वाचवलेले नाही. तरीही जे वाचेल ते कोणाकडे जाईल, हे आत्ताच लिहायचे आहे. ठिकाण न ठरवता वाचवलेला पैसा आठ-पंधरा दिवसांत दुसऱ्या एखाद्या खर्चात विरघळतो, आणि ठिकाण न ठरवता रिकामा केलेला कप्पा पुन्हा भरतो.

ठिकाणे ठरवताना क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. *देणी.* उसने घेतलेले पैसे, थकलेली बिले, आणि विशेषतः आपल्याकडे काम करणाऱ्याची मजुरी. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराचा रोजगार त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. दुसऱ्याचे पैसे अडकवून केलेले दान हे त्या दुसऱ्याच्या पैशांतून केलेले दान असते.

२. *घरची माणसे.* वृद्ध आईवडिलांना मदत न करता तीच रक्कम देवाला वाहिली आहे असे सांगण्याची जी पळवाट होती, तिच्यावर प्रभूने मार्काच्या सातव्या अध्यायात कडक शब्दांत टीका केली आहे. मंडळीत उदार आणि घरात हात आखडता, अशी स्थिती असेल तर ती आधी सुधारावी.

३. *मंडळी आणि नियमित दान.* दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणे, आजच्या विश्वासणाऱ्यांना बंधनकारक आहे की नाही, यावर मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत, आणि तो वाद इथे सोडवायचा नाही. प्रमाण कोणतेही असो, ते आधी ठरलेले असावे. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, कुरकुरत किंवा भाग पडले म्हणून देऊ नये, ही पौलाची सूचना दोन्ही पक्षांना लागू पडते.

४. *कडेचा सरवा.* लेवीय १९ मध्ये शेताच्या कडा पूर्णपणे कापू नका आणि खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या, असा नियम आहे. म्हणजे आपले वेळापत्रक आणि आपले अंदाजपत्रक शेवटच्या मिनिटापर्यंत आणि शेवटच्या पैशापर्यंत कापून काढू नये. अचानक दार वाजवणाऱ्यासाठी दर महिन्याला थोडी रक्कम आणि दर आठवड्याला एखादी संध्याकाळ मोकळी सोडावी. रूथच्या पुस्तकात शेताचा मालक बवाज याच्याही पुढे गेला. त्याने कापणी करणाऱ्यांना सांगितले की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम काढून सरवा वेचणाऱ्या रूथसाठी टाका, आणि तिला धमकावू नका. घेणाऱ्याला लाजवू नये, ही काळजी या नियमाचाच भाग समजावी.

*सावधान :* फाटके कपडे, तुटकी खेळणी, बंद पडलेली यंत्रे 'दान' म्हणून देऊ नयेत. मलाखीच्या पहिल्या अध्यायात आंधळे आणि लंगडे पशू वेदीवर आणणाऱ्यांना देव विचारतो की हे आपल्या सुभेदाराला देऊन तर पाहा. कसोटी सोपी आहे : ही वस्तू आपल्या सख्ख्या भावाला आपण याच स्थितीत देऊ का? उत्तर नाही असेल, तर ती आधी दुरुस्त करावी, नाहीतर पुनर्वापरासाठी द्यावी.

टप्पा ५ : अन्नापासून सुरुवात करा

आता प्रत्यक्ष बदल करायचे. सुरुवात अन्नापासून करावी, कारण ते रोजचे आहे आणि सुधारणा आठवड्याभरात दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून सुमारे १.०५ अब्ज टन अन्न वाया गेले, आणि त्यातले जवळजवळ ६० टक्के घरांमधून गेले. म्हणजे मोठा वाटा आपल्याच ओट्यावर आहे.

योहानाच्या सहाव्या अध्यायातला क्रम इथे फार उपयोगी पडतो. आधी उपकारस्तुती झाली, मग वाटप झाले, लोक हवे तेवढे खाऊन तृप्त झाले, आणि त्यानंतर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही फुकट जाऊ नये म्हणून. शिष्यांनी बारा टोपल्या भरल्या. कोणाच्या हातातला तुकडा काढून घेतला गेला नाही. घरातही हाच क्रम ठेवावा.

१. बाजारात जाण्यापूर्वी फ्रीज आणि डबे पाहावेत, आणि आधी संपवायच्या वस्तू पुढे ठेवाव्यात.
२. किती जण जेवणार हे स्वयंपाकापूर्वी विचारावे. अन्नाच्या पानावर 'जास्त शिजले' हे कारण वारंवार दिसत असेल, तर नेहमीच्या मापात थोडी घट करून आठवडाभर पाहावे.
३. पहिल्यांदा थोडे वाढावे, पण पुन्हा मागायला मोकळीक ठेवावी. ताट संपवलेच पाहिजे अशी सक्ती मुलांवर करू नये. पोट भरल्यावर कोंबलेले अन्नही वायाच जाते.
४. उरलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवावे; हवा ३२ अंश सेल्सियसपेक्षा गरम असेल तर एका तासाच्या आत. फ्रीजचे तापमान ५ अंश किंवा त्याहून कमी असावे. डब्यावर तारीख लिहावी आणि तीन-चार दिवसांत संपवावे.
५. पुन्हा गरम करताना आतपर्यंत चांगली वाफ येऊ द्यावी, म्हणजे मधल्या भागाचे तापमान ७४ अंशांपर्यंत जावे.
६. पाकिटावरच्या तारखांतला फरक लक्षात घ्यावा. एक तारीख चव आणि दर्जा कुठपर्यंत उत्तम राहील हे सांगते. ती उलटली म्हणून पदार्थ लगेच टाकाऊ ठरत नाही. दुसरी तारीख सुरक्षिततेची असते. ती उलटल्यावर पदार्थ खाऊ नये आणि कोणाला देऊही नये.

*सावधान :* शंका असलेले अन्न गरजूला देणे हे औदार्य नव्हे. द्यायचे असेल तर ताजे असतानाच, जेवणाआधीच बाजूला काढून द्यावे.

नासाडी टाळण्याच्या भरात अन्नाचे साठे करणे ही दुसऱ्या टोकाची चूक. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळणारे अन्न, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, गोळा करायचा होता. काहींनी तो सकाळपर्यंत ठेवला, तर त्यात किडे पडले. शब्बाथासाठी सहाव्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मात्र टिकला. सवलतीत मिळते म्हणून आणलेले तिप्पट सामान घरी येऊन खराब होत असेल, तर ती सवलत महागात पडली असे समजावे.

टप्पा ६ : पैसा

पैशाबाबत फार नियम लागत नाहीत. करिंथच्या मंडळीला पौलाने सांगितले होते की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. हीच पद्धत आजही सर्वांत खात्रीची आहे : मिळकत हातात आली की चौथ्या टप्प्यात ठरवलेले वाटे आधी वेगळे करावेत आणि उरलेल्यात घर चालवावे. महिनाअखेर जे उरेल ते देऊ, असे म्हटले की काहीच उरत नाही.

त्यानंतर आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची यादी करावी. न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या, न वापरले जाणारे सदस्यत्व, गरज नसताना घेतलेल्या वस्तूंचे हप्ते यांतून रक्कम गुपचूप निघून जाते. मोठी खरेदी करायची असल्यास बुरुज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशोब करणाऱ्या माणसाचा दाखला आठवावा, आणि किमतीबरोबर देखभाल, जागा व वेळ यांचाही खर्च मांडावा.

*तपासणी :* काटकसर सुरू केल्यापासून घरातल्या कोणाची खरी गरज, उदाहरणार्थ चष्मा, दातांचे उपचार किंवा शाळेचे साहित्य, पुढे ढकलली गेली का? गेली असेल तर वाटे पुन्हा ठरवावेत. देव उपभोगासाठी सर्व काही विपुल देतो, हे पौल तीमथ्याला लिहितो ते श्रीमंतांना परोपकाराची आज्ञा देतानाच. दोन्ही गोष्टी एकत्र चालतात.

टप्पा ७ : वेळ, शक्ती आणि कृपादाने

वेळेच्या पानावरून सर्वांत मोठी गळती निवडावी आणि तेवढीच बंद करावी. पाच गोष्टी एकदम बदलू नयेत. रोज रात्री पडद्यावर बोट सरकवण्यात जाणारा एक तास असेल, तर त्या तासाला ठरलेले ठिकाण द्यावे : अमुक वारी अमुक व्यक्तीला फोन, अमुक वारी मुलांचा अभ्यास, एका दिवशी वचनाचे वाचन.

झोप आणि विश्रांती मात्र गळतीत धरू नये. शिष्य कामावरून परतले तेव्हा त्यांना जेवायलाही फुरसत नव्हती, आणि प्रभूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. शरीर हेही सोपवलेलेच आहे. सेवेच्या नावाखाली ते झिजवून टाकणारे लोक मंडळीत कौतुकास पात्र ठरतात, हे मला फार चिंतेचे वाटते.

त्यातून दुसरी नासाडीही होते. एकच व्यक्ती गायन, हिशोब, मुलांचा वर्ग आणि साफसफाई सांभाळते, तेव्हा इतर दहा जणांची कृपादाने पुरलेली राहतात. सासरे इथ्रो यांनी मोशेला नेमके हेच दाखवून दिले होते की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करत बसलास तर तूही थकशील आणि लोकही थकतील. लायक माणसे निवड आणि भार वाटून दे. म्हणून ज्याच्याकडे फार कामे आहेत त्याने एक काम शिकवून सोपवावे, आणि ज्याच्या पानावर 'पुरले' आहे त्याने एक काम, ठरलेल्या मुदतीसाठी, मागून घ्यावे. मुदत ठरवली की कायमचे गळ्यात पडेल ही भीती आपोआप कमी होते.

टप्पा ८ : मंडळीच्या वस्तू आणि निधी

घराला लावलेले माप मंडळीलाही लावावे, परंतु आपल्या घराची फेरी पूर्ण झाल्यावरच. ज्याने स्वतःचे कपाट उघडलेले नाही, त्याने मंडळीच्या कोठीवर बोट ठेवू नये.

कोठीची मोजदाद वर्षातून दोनदा व्हावी. दान आलेले कपडे गाठोड्यांत कुबट वास येईपर्यंत पडून राहतात, पुस्तकांना कसर लागते, वाद्ये दुरुस्तीअभावी बिघडतात, आणि देणाऱ्याचे प्रेम तिथेच थांबते. वस्तू स्वीकारतानाच ती कोणाकडे आणि कोणत्या तारखेपर्यंत जाईल हे लिहून घ्यावे, आणि जे वाटता येणार नाही ते नम्रपणे नाकारावे. सामुदायिक भोजनापूर्वी उपस्थितीचा अंदाज घ्यावा, आणि उरलेले अन्न कोण, कशातून, कुठे नेणार हे आधीच ठरवावे.

विशिष्ट कामासाठी दिलेला निधी त्याच कामाला वापरावा. काम रद्द झाले तर देणाऱ्याला विचारावे. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी आणि दोघांनी सही करावी. यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. यरुशलेमेच्या गरिबांसाठीच्या वर्गणीच्या कामी पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेल्या बंधूलाही पाठवले, आणि कारणही सांगितले की प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही पाहतो.

*सावधान :* नासाडी दाखवून देताना भर सभेत कोणाचे नाव घेऊ नये. ज्याच्याकडे ती जबाबदारी आहे त्याला एकट्याला भेटावे, आणि तक्रारीसोबत मदतीचा हातही पुढे करावा.

टप्पा ९ : दर महिन्याला हिशोब द्या

महिन्यातला एक ठरलेला दिवस घ्यावा. अर्धा तास पुरतो. पाचही पाने उघडून पुढील प्रश्न विचारावेत : काय पोहोचले? काय उडाले, आणि कारण तेच जुने आहे का? जे पुरले होते त्यातले काय बाहेर आले? वाचलेला वाटा ठरल्या ठिकाणी गेला का, की मध्येच अडकला? आणि या महिन्यात घरातले कोणी काटकसरीमुळे दुखावले का?

शेवटचा प्रश्न विचारताना घरातल्या सर्वांत लहान व्यक्तीला आधी बोलू द्यावे. चूक सापडली तर दोष देत बसू नये. कारण लिहावे आणि पुढच्या महिन्यासाठी एकच बदल ठरवावा. जी रक्कम किंवा वस्तू ठरल्या ठिकाणी गेली नसेल, ती पुढच्या सात दिवसांत कोण पोहोचवणार त्याचे नाव लिहावे. मंडळीतल्या विश्वासू व्यक्तीला हिशोब दाखवायचा असेल, तर किती दिले हा आकडा झाकून ठेवायला हरकत नाही, कारण दान गुप्त असावे. ठरवले तसे झाले की नाही, एवढे तिला सांगावे.

एखादी नोंद सलग तीन महिने 'पुरले' किंवा 'साठले' याच सदरात राहिली, तर तिच्यासाठी नवी योजना आखत बसू नये. वस्तू असेल तर तिसऱ्या महिन्याच्या हिशोबाच्या दिवशीच ती घराबाहेर काढून, तिच्यापुढे ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्याकडे न्यावी. कृपादान असेल तर त्याच दिवशी पाळकांना फोन करून विचारावे की या कामासाठी माणूस कुठे हवा आहे.